बाबूराव पटेल आदरास पात्र आहेत काय?

(अमरावती येथे बौद्ध कुटुंबांच्या वाचनवर्गात एका वकिलांनी केलेले भाषण)



अकोल्याच्या आपल्या तरुणांनी चर्चेसाठी एक प्रश्न लिहून पाठविला आहे. ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक आणि एका काळचे सर्वांत नामांकित चित्रपट-समीक्षक बाबूराव पटेल हे आजही आदरास पात्र आहेत काय? धम्माच्या वर्गात सिनेमाचा प्रश्न कशाला, असे काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटले. मला तसे वाटत नाही. मान कोणाला द्यावा, किती द्यावा आणि कोठे आवरता घ्यावा हे ज्या समाजाला कळत नाही, त्या समाजाच्या मानेवर कोणीही येऊन बसतो. मान देण्याचे माप शतकानुशतके दुसऱ्यांच्या हाती होते, म्हणूनच आपल्या पूर्वजांच्या माना खाली राहिल्या. ते माप आता आपल्या हाती आले आहे. तेव्हा ते नीट वापरावयास शिकले पाहिजे.

पुष्कळांना हे नाव नवीन असेल, म्हणून थोडी हकीगत सांगतो. बाबूराव पटेल यांचा जन्म १९०४ साली पालघरजवळच्या मासवण गावी झाला. १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू झाले. त्यातील बराचसा मजकूर ते स्वतःच लिहीत. चित्रपटांची परीक्षणे त्यांची, वाचकांच्या पत्रांना दिलेली चुरचुरीत उत्तरे त्यांची आणि ‘जूडास’ या टोपणनावाने येणारे मुंबईच्या चित्रसृष्टीचे वर्तमानही त्यांचेच. त्यांच्या लेखणीला निर्माते भीत आणि नटनट्या जपून असत. मुंबईत निघालेला चित्रपट अमरावतीच्या वितरकांच्या कचेऱ्यांतून वऱ्हाडातल्या पडद्यावर येत असे. परंतु तो चांगला की वाईट, हा निवाडा पुष्कळदा त्याच्या आधीच मुंबईत होऊन गेलेला असे. तो निवाडा करणाऱ्यांत पटेल अग्रभागी होते.

प्रथम त्यांची जमेची बाजू पाहू. सुशिक्षित मंडळी सिनेमाला हलका धंदा समजत होती, त्या काळी त्यांनी त्याला गंभीर विचारास योग्य मानले. नुसती स्तुती करणाऱ्या लेखनाचा सुकाळ असताना त्यांनी मोठ्यांनाही फटकारले. १९३८ साली ‘द ड्रम’ हा इंग्रजी चित्रपट मुंबईत दाखविण्यात आला. हिंदी लोक म्हणजे कपटी व रानटी, आणि साम्राज्याचे शिपाई तेवढे शूर, असा त्याचा एकंदर सूर होता. त्याविरुद्ध मुंबईत निदर्शने झाली व तो चित्रपट मागे घ्यावा लागला. पुढे ‘गंगादीन’वर १९३९ साली बंदी आली. अशा चित्रपटांविरुद्ध ‘फिल्मइंडिया’ने चळवळच उभारली, ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारखे लेखक तिच्यात होते. एका संपूर्ण जनसमूहाला जन्मावरून नीच ठरविणारे चित्र म्हणजे करमणूक नसून अन्याय आहे, हे त्या चळवळीने दाखवून दिले. ही गोष्ट लहान नाही. तिचे श्रेय पटेलांना देण्यात आपण कंजुषी करू नये.

आता खर्चाची बाजू. ती तपासण्यासाठी कायद्यातील एक नियम मी आपणांपुढे ठेवितो. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ४९९ अब्रुनुकसानीचे होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आहे. या कलमाला जे अपवाद आहेत, त्यांतला सहावा जणू समीक्षकांसाठीच लिहिलेला आहे. एखाद्याने आपली कृती लोकांच्या निवाड्यासाठी पुढे ठेवली, तर तिच्या गुणदोषांविषयी सद्‌बुद्धीने कोणतेही मत देण्यास मोकळीक आहे. कर्त्याच्या स्वभावाविषयीही बोलता येते. मात्र तो स्वभाव त्या कृतीत जेवढा दिसतो तेवढ्यापुरतेच, त्यापुढे नाही. कायद्याने उदाहरणही दिले आहे. पुस्तक अश्लील आहे, तेव्हा लेखकाचे मन अशुद्ध असले पाहिजे, असे म्हणता येईल. परंतु हा मनुष्यच बदफैली आहे, मग त्याचे पुस्तक अश्लील निघाले यात नवल काय, असे म्हणता येणार नाही. कारण पहिले मत पुस्तकावरून काढलेले आहे आणि दुसरे पुस्तक उघडण्यापूर्वीच ठरलेले आहे.

ही रेषा पटेलांनी वारंवार ओलांडली. नट्यांच्या अभिनयाची चिकित्सा सोडून त्यांच्या शरीराची व खाजगी आयुष्याची चेष्टा त्यांनी केली. स्वतः ‘द्रौपदी’ (१९४४) व ‘ग्वालन’ (१९४६) हे चित्रपट काढून, त्यांत आपल्या पत्नी सुशीलाराणी यांना नायिका करून, दुसऱ्या निर्मात्यांचा निवाडा मात्र त्यांनी चालूच ठेवला. वादी आणि न्यायाधीश एकच असू नये हे तत्त्व न्यायमंदिराबाहेरही लागू आहे.

परंतु सर्वांत गंभीर गोष्ट पुढेच आहे. फाळणीच्या आगेमागे त्यांच्या लेखणीत मुसलमानांविषयीचा द्वेष वाढत गेला, आणि पडद्यावरचा कलावंत कोणत्या धर्मात जन्मला, हा परीक्षणाचा विषय होऊ लागला. १९६० साली त्यांनी ‘मदर इंडिया’ हे मासिक काढले, तेव्हा सिनेमा मागे पडून हा द्वेषच पुढे आला. १९६७ साली ते मध्य प्रदेशातील शाजापूर येथून जनसंघाच्या तिकिटावर लोकसभेत गेले. कोणत्या पक्षातर्फे निवडून यावे हा प्रत्येकाचा हक्क आहे; माझा आक्षेप त्यावर नाही. आक्षेप असा आहे की, ‘द ड्रम’ने हिंदी माणसाला जे केले, तेच पटेलांनी आपल्या देशबांधवांना केले. त्यांनी कृती पाहून माणूस ओळखण्याचे सोडले आणि जन्म पाहून कृती ठरविली.

बंधुभगिनींनो, जन्मावरून निवाडा म्हणजे काय हे अमरावतीला शिकविण्याची गरज नाही. याच शहरात इंद्रभुवन थिएटरात नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्यांची परिषद भरली होती, आणि तिच्यापुढे अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न होता. दारात उभ्या असलेल्या माणसाने काय केले आहे, असे त्याला कोणी विचारीत नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढेच विचारले जात होते. तो प्रश्न आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास मागे टाकला. आपल्याऐवजी दुसऱ्याला तो विचारला जात आहे, म्हणून तो आता न्याय्य झाला, असे मानणारा मनुष्य दीक्षा घेऊनही जातीतच राहिला असे मी म्हणेन.

पटेलांच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, तो आपल्या महाराष्ट्राचा माणूस. हे तर पुन्हा जन्माचेच प्रमाणपत्र झाले. दुसरी, त्यांची भाषा फार बहारदार होती. असेल; परंतु धारदार सुरीने भाजी चिरली की बोट, हे पाहिल्याशिवाय सुरीचे कौतुक कसे करावे? तिसरी, काळच तसा होता. याचे उत्तर सोपे आहे. त्याच काळात, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान स्वीकृत झाले आणि त्याच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द आला. त्या काळात द्वेषाची वाट होती तशी बंधुतेचीही होती. कोणती धरावयाची हे ज्याचे त्याने ठरविले.

मग त्यांचे सारे लेखन जाळून टाकावे काय? तरुणांपैकी काहींचे तसे म्हणणे आहे. तेही मला मान्य नाही. एका बाबतीत खोटा ठरला तो सर्वच बाबतींत खोटा, असे एक जुने वचन विलायती न्यायालयांत चालत असे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितले की, हा नियम येथे बंधनकारक नाही. साक्षीतला खरा भाग वेगळा करता येत असेल तर तो वेगळा करून घ्यावा. आपल्या आया-बहिणी तूर पाखडतात तेव्हा फोल उडते म्हणून सूपच उकिरड्यावर फेकीत नाहीत. पटेलांनी कृतीऐवजी जन्म पाहिला हा त्यांचा अपराध. त्यांच्या काही कृती वाईट म्हणून त्यांची प्रत्येक ओळ वाईट, असे म्हटले, तर आपणही ओळ वाचण्यापूर्वीच निवाडा देऊ. जी रेषा त्यांनी मोडली तीच रेषा पाळून त्यांचा न्याय झाला पाहिजे.

पूज्य बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यास रानड्यांविषयी जे व्याख्यान दिले, त्यात थोर पुरुषाची कसोटी सांगितली आहे. नुसती बुद्धी पुरत नाही, नुसता प्रामाणिकपणाही पुरत नाही; समाजहिताची प्रेरणा हवी, आणि अशा पुरुषाने समाजाचा चाबूकही व्हावे आणि झाडूही व्हावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. पटेल चाबूक होते यात शंका नाही. झाडू ते काही वर्षेच होते. पुढे त्यांनी स्वतःच घाण आणून टाकली. म्हणून माझा निर्णय असा: साम्राज्यवादी चित्रपटांविरुद्ध लढणाऱ्या, बड्यांची भीड न धरणाऱ्या समीक्षकाला त्या कामापुरता आदर द्यावा. त्या माणसाला आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवू नये.

त्यांचे पुष्कळ जुने अंक आता इंटरनेटवर वाचावयास मिळतात. तरुणांनी ते अवश्य वाचावेत, आणि वाचताना हाती पेन्सिल ठेवावी. हे मत चित्रपटावरून काढलेले आहे, की माणसाच्या जन्मावरून? हे लिहिणाऱ्याचा यात काही स्वार्थ आहे काय? दुबळ्याला तो हसत आहे, की बलवानाला जाब विचारीत आहे? हे तीन प्रश्न समासात लिहावेत. आज मोबाइलवर रोज नवे समीक्षक बोलतात. त्यांनाही हेच विचारावेत. आणि आपल्यावर, आपल्या पुढाऱ्यांवर, माझ्यासारख्या वक्त्यांवरही ते चालवावेत. केवळ आपला गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, असे भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते. ज्याने आपल्या गुरुत्वालाही तपासणीतून सूट दिली नाही, त्याचे अनुयायी सिनेमाच्या एका संपादकाला ती का देतील?

इतके सांगून मी आपली रजा घेतो. जय भीम!