बोटांनी वाचायचं वर्तमानपत्र



घरात कुणाची दृष्टी गेली, की पेपर वाचून दाखवायला दुसरं माणूस लागतं.
मुलगी शाळेतून येईपर्यंत थांबायचं. सून कामातून मोकळी होईपर्यंत थांबायचं.

स्वागत थोरात यांनी ही अडचण जवळून पाहिली. ते स्वतः डोळस.
१९९७ साली त्यांनी एक नाटक बसवलं, ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’. त्यात ८८ अंध कलावंत होते.
या मंडळींना वाचायला ताजं काहीच मिळत नाही, हे त्यांना फार लागलं.

मग २००८च्या फेब्रुवारीत ‘स्पर्शज्ञान’ निघालं. मराठीतलं ब्रेल पाक्षिक.
त्यासाठी थोरातांनी स्वतःची पुंजी घातली. केवढी ही हिंमत!

ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांची लिपी. कागदावर उंचवटे उठतात, बोटं ते वाचतात.
या लिपीला जागा फार लागते. म्हणून अंक चांगला जाडजूड होतो.

आणि आत काय असतं? राजकारण, आरोग्य, संगीत, नाटक, खाद्यपदार्थसुद्धा.
म्हणजे घरातले बाकीचे वाचतात, तेच सगळं. पण इथं वाचून दाखवायला कुणी लागत नाही. ज्याचं त्यानं वाचायचं.

श्रोतेहो, आणखी एक उपयोगाची माहिती.
अंधांसाठीचं ब्रेल साहित्य साध्या टपालानं पाठवायला भारतीय टपाल खातं पैसे घेत नाही.