काशीची हुंडी आणि आजचे क्रेडिट कार्ड

पेशवाईच्या काळी महाराष्ट्रातून काशीयात्रेस निघणाऱ्या गृहस्थापुढे दोन चिंता असत. आपण सुखरूप परत येऊ की नाही, ही पहिली. आणि वाटखर्चाचा पैसा कसा न्यावा, ही दुसरी. पहिली चिंता विश्वेश्वरावर सोपविता येई. दुसरी मात्र सावकारावरच सोपवावी लागे. रोकड कमरेस बांधून विंध्य ओलांडणे म्हणजे वाटमाऱ्यांस आमंत्रण देणे होते. पुढे १८५७ साली उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या वाट्यास लुटालुटीचे कोणते प्रसंग आले, हे ‘माझा प्रवास’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच. म्हणून जाणता यात्रेकरू आपल्या गावच्या पेढीवर रक्कम भरी, तिच्याकडून हुंडी घेई आणि काशीच्या पेढीवर ती वटवी.

ही हुंडी एकाच जातीची नसे. दाखविताक्षणी पैसे मिळावयाचे ती दर्शनी. ठरावीक दिवसांनी मिळावयाचे ती मुदती. केवळ प्रतिष्ठित, माहितगार सावकाराच्याच हाती पैसे पडावेत अशी जिची अट, ती शहाजोग. या प्रामाणिक शब्दाला मराठीत पुढे साळसूदपणाच्या सोंगाचा वास का लागावा, हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे. पैशाच्या व्यवहारात मुरलेल्यांस त्याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही. हुंडी हरवली तर ‘पेठ’ म्हणून तिची दुसरी प्रत मिळे आणि तीही हरवली तर ‘परपेठ’. या सगळ्या सोयीचे मोल म्हणजे हुंडणावळ. ती आगाऊ ठरे, उघड सांगितली जाई आणि यात्रेकरू ती स्वतःच्या पिशवीतून मोजून देई.

काशी ही या व्यवहाराची मोठी पेठ होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील गोपाळदास यांच्या पेढीच्या हुंड्या ईस्ट इंडिया कंपनीसही घ्याव्या लागत. यात्रेकरूने पेढी निवडावयाची ती कशावरून? गादी किती शुभ्र आहे किंवा दारी किती पालख्या उभ्या आहेत यावरून नव्हे. या पेढीचा कागद काशीत कोण स्वीकारतो, हुंडणावळ किती पडते आणि काही बिनसले तर दाद कोठे मागावयाची, हे तीन प्रश्न तो विचारी.

आज त्याच काशीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेली मराठी घरे आहेत. अशा एका घरातील तरुण नुकताच नोकरीस लागला आहे, अशी कल्पना करावी. पहिला पगार खात्यात पडतो न पडतो तोच चार बँकांचे निरोप त्याच्याकडे येतात. एकीचे कार्ड ‘आजन्म मोफत’. दुसरीचे विमानतळावरील विश्रांतिकक्षात फुकट फराळ देणारे. तिसरी प्रत्येक खरेदीवर गुण मोजून देणार. चौथी पेट्रोलवर सूट देणार. त्याने यांतून निवड कशी करावी? पूर्वीच्या यात्रेकरूचे तीन प्रश्न येथे जसेच्या तसे लागू पडतात. मात्र त्यांच्या जोडीला चौथा एक प्रश्न आहे आणि तोच सर्वांत जड आहे. हुंडीत यात्रेकरू आपलाच पैसा दुसरीकडे नेत होता; कार्डावर मनुष्य दुसऱ्याचा पैसा खर्च करतो.

पहिला प्रश्न स्वीकाराचा. कार्डावर दोन नावे असतात. एक कार्ड देणाऱ्या बँकेचे आणि दुसरे, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे अशा जाळ्याचे. उधारी देते ती बँक. जाळे केवळ व्यवहार पोहोचविते. कुंजगलीतील रेशमी साड्यांच्या मोठ्या दुकानात यांपैकी बहुतेक सर्व कार्डे चालतात. नाववाला, फुलवाला किंवा गोदौलियाचा लस्सीवाला मात्र कार्डाचे यंत्र ठेवीत नाही. त्याच्याजवळ यूपीआयचा छापील चौकोन असतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडण्याची सोय सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. ज्याचा बहुतेक खर्च अशा छोट्या दुकानांत होतो, त्याला हा भेद गुणांच्या गोळाबेरजेहून महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२४ मध्ये मोठ्या कार्डदात्यांस असे बजावले की, जाळ्याची निवड ग्राहकास करू द्यावी. तेव्हा विचारण्याचा हक्क आहे, विचारणारे थोडे.

दुसरा प्रश्न हुंडणावळीचा. कार्डाची हुंडणावळ ग्राहकास दिसत नाही, कारण ती दुकानदार देतो. त्याला किमतीतून काही टक्के कापून पैसे मिळतात. बँक ग्राहकास जे गुण वाटते, ते बव्हंशी याच कापातून आणि व्याज भरणाऱ्या दुसऱ्या ग्राहकांच्या खिशातून येतात. म्हणून गुणांचे कौतुक बेतानेच करावे. वर्षातून एकदा बाबतपूरच्या विमानतळावरून मुंबईस जाणाऱ्याने एका फराळासाठी हजारो रुपयांची वार्षिक फी भरावी, यात हिशेब कोठे आहे? आणि ‘आजन्म मोफत’ म्हणजे केवळ फी नाही, एवढाच अर्थ. उधारी मोफत नव्हे.

येथे तो चौथा प्रश्न उभा राहतो. पूर्ण बिल भरता आले नाही तर काय? समजा, बहिणीच्या लग्नासाठी आपल्या तरुणाने चाळीस हजारांच्या साड्या कार्डावर घेतल्या. बिलाची तारीख दर महिन्याची दहा असेल आणि भरण्यास पुढे वीस दिवस मिळत असतील, तर अकरा तारखेच्या खरेदीस सुमारे पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात. नऊ तारखेच्या खरेदीस जेमतेम एकवीस. इथपर्यंत कार्डासारखा मित्र नाही. परंतु बिलावर एकूण रकमेशेजारी आणखी एक लहानसा आकडा छापलेला असतो : किमान देय रक्कम. दोन हजार भरा, दंड लागणार नाही. तरुण दोन हजार भरतो आणि सुटलो म्हणतो. वास्तविक तो त्याच क्षणी अडकलेला असतो. बिनव्याजी मुदत रद्द होते, व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजले जाते आणि मागील बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीसही ती सवलत मिळत नाही.

दर महिन्यास साडेतीन टक्के, हा अनेक कार्डांचा दर. ऐकावयास किरकोळ वाटतो; वर्षाचा काढला की बेचाळीस टक्के होतो. चाळीस हजारांवर एका महिन्याचे व्याज चौदाशे रुपये आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोनशे बावन्न. साध्या कर्जाच्या व्याजावर हा कर नाही. कार्डाच्या व्याजावर आहे. कार्डावर रोख काढली तर बिनव्याजी दिवस मुळीच नाहीत; व्याज त्याच दिवसापासून, शिवाय वेगळे शुल्क. या दरांस कायद्याने काही मर्यादा असेल, असा पुष्कळांचा समज असतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली होती, हे खरे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा दर पाहून घेण्याचे काम ग्राहकाचेच.

यावरून निवडीचा क्रम ठरतो. दरमहा पूर्ण बिल फेडण्याची ज्याला खात्री आहे, त्याने व्याजाकडे काणाडोळा करून फी, स्वीकार आणि सवलती पाहिल्या तरी चालेल. ज्याची मिळकत अनियमित आहे, त्याने सवलतींची पाने उलटूही नयेत. व्याजाचा दर, विलंब-शुल्क आणि रोखीचे शुल्क एवढेच तपासावे. मोठी खरेदी हप्त्याने करणे भाग असेल, तर बँकेचे साधे वैयक्तिक कर्ज बहुधा स्वस्त पडते. निवृत्त मनुष्यास किंवा पगाराचा दाखला नसलेल्या गृहिणीस मुदत ठेवीच्या तारणावर कार्ड मिळू शकते. ठेवीचे व्याज चालू राहते आणि खर्चास आपोआप कुंपण पडते. काशीवासासाठी येऊन राहिलेल्या वृद्धांना हा मार्ग सर्वांत निर्धोक.

राहिला दाद मागण्याचा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या निदेशांनुसार ग्राहकाच्या संमतीवाचून कार्ड देता येत नाही. सर्व बाकी फेडून कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर बँकेने ते सात कामाच्या दिवसांत बंद केले पाहिजे. न केल्यास दर दिवसास पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करावी आणि तिची पोच जपून ठेवावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.