शिक्षणाची वही आणि कारखान्याचे दप्तर

चाकण, वाळूज अथवा सातपूर यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्याचे दप्तर आज उघडून पाहिले, तर त्यात कागद फारसे उरलेले नाहीत, परंतु वह्यांची संख्या मात्र काही कमी झालेली नाही, असे आढळून येईल. हजेरी एका संगणकप्रणालीत, पगार दुसरीत, फाटकावरील गेटपास तिसरीत, मालाची आवकजावक चौथीत. आणि या पंगतीत अलीकडे आणखी एक प्रणाली येऊन बसली आहे, जिला सर्वत्र 'एलएमएस' या आद्याक्षरांनीच ओळखतात. कोणत्या कामगाराने कोणता पाठ्यक्रम घ्यावयाचा, तो त्याने घेतला की नाही, परीक्षेत किती गुण मिळविले आणि मुदत संपल्यावर तो पुन्हा केव्हा घ्यावयाचा, याचा हिशेब ठेवणे हे तिचे काम. ही नवी वही जुन्या दप्तराला कशी जोडावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय रूक्ष आहे खरा. परंतु यंत्रात एखाद्याचा हात सापडला आणि चौकशी सुरू झाली, म्हणजे याच रूक्ष वहीचे पान प्रथम मागविले जाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली जी दुरुस्ती झाली, तिने कामगारांस सुरक्षिततेसाठी आवश्यक ती माहिती, सूचना आणि प्रशिक्षण देण्याची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादारावर स्पष्ट शब्दांत टाकली होती. आणि जबाबदारी आली की पाठोपाठ पुरावा आलाच.

जोडणी करून देणारे विक्रेते प्रथम जे दृश्य दाखवितात ते मोठे मनोहर असते. सकाळी एकदा पासवर्ड घातला की दिवसभर तो पुन्हा कोठे विचारला जात नाही. साहेबांच्या पडद्यावर हिरव्या-तांबड्या खुणांचा तक्ता आपोआप उमटतो. निरोपांच्या खिडकीत 'आपल्या पाठ्यक्रमाची मुदत उद्या संपत आहे' अशी आठवण येते. यांतले काहीच निरुपयोगी नाही, पण या साऱ्या सोयी झाल्या. त्यांच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो असा की, एकाच इसमाविषयी दोन प्रणालींनी परस्परविरुद्ध साक्ष दिली, तर ग्राह्य कोणाची धरावयाची? आपल्या महसूल खात्याने हा प्रश्न फार पूर्वी निकालात काढला आहे. सातबाऱ्यावर थेट खाडाखोड करून कोणी वारसाचे नाव चढवीत नाही. आधी फेरफार-नोंदवहीत नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतो, आणि तदनंतरच सातबारा बदलतो. कोणती गोष्ट कोणत्या वहीत प्रथम लिहिली जाईल आणि तेथून ती कोणत्या वाटेने दुसऱ्या वहीत उतरेल, हे तेथे ठरलेले आहे. कारखान्याच्या दप्तरात बहुधा नेमके हेच ठरविलेले नसते.

माणसांच्या यादीचेच उदाहरण घ्या. शिक्षणाच्या वहीने माणसांची यादी स्वतः ठेवू नये, ती आस्थापना विभागाच्या प्रणालीतून रोज रात्री आपोआप यावी, हे तत्त्व कोणीही चटकन मान्य करील. अडचण येते ती ओळख पटविण्याच्या वेळी. नावावरून जुळवणी करावी, तर एका वहीत आडनाव आधी व दुसरीत शेवटी, एकीत वडिलांच्या नावाचे आद्याक्षर व दुसरीत पूर्ण नाव, आणि विवाहानंतर पगाराच्या खात्यातील नाव बदलले तरी शिक्षणाच्या वहीत माहेरचेच राहिलेले. ई-मेलच्या पत्त्यावरून करावी, तर यंत्रावर काम करणाऱ्या निम्म्याअधिक मंडळींना कंपनीचा पत्ताच नसतो. म्हणून जुळवणी कर्मचारी क्रमांकावरूनच झाली पाहिजे, आणि राजीनामा देऊन गेलेल्याचा क्रमांक पुन्हा नव्या माणसाला देण्याची काही ठिकाणी जी काटकसरी चाल आहे, ती जोडणीपूर्वी बंद झाली पाहिजे. अन्यथा कालपरवा रुजू झालेल्या पोराच्या नावावर क्रेन चालविण्याचा दाखला चढलेला आढळतो.

जाणाऱ्या माणसाची गोष्ट येणाऱ्यापेक्षाही नाजूक. मार्टिन डुगियामस या ऑस्ट्रेलियातील पर्थच्या गृहस्थाने २००२ साली प्रसिद्ध केलेली 'मूडल' ही प्रणाली, विनामूल्य असल्यामुळे, आपल्याकडे महाविद्यालयांप्रमाणेच कारखान्यांतूनही पुष्कळ वापरली जाते. ती कंपनीच्या कर्मचारी-निर्देशिकेला जोडताना एक प्रश्न विचारला जातो: मूळ यादीतून ज्याचे नाव नाहीसे झाले, त्याचे खाते येथे तसेच ठेवावयाचे, स्थगित करावयाचे, की पूर्ण मिटवावयाचे? हा प्रश्न जोडणी करणाऱ्या तरुण अभियंत्याच्या पडद्यावर येतो, आणि नीटनेटकेपणाची आवड असलेला तो तरुण पुष्कळदा मिटविण्याचा पर्याय निवडून मोकळा होतो. त्यानंतर एखादा कामगार मार्चमध्ये नोकरी सोडतो, ऑगस्टमध्ये त्याच्या जुन्या अपघाताचे प्रकरण उभे राहते, आणि त्याला प्रशिक्षण दिले होते असे सांगणारे खातेच शिल्लक नसते. नोंद किती वर्षे जपावयाची हा निर्णय कारखान्याच्या व्यवस्थापनाचा आहे. तो एका यादीतील तीन पर्यायांपैकी एकावर खूण करून व्हावा, हे काही शोभादायक नाही.

आता शिक्षण झाले की नाही, या नोंदीकडे वळू. पाठ आणि त्याची नोंद ठेवणारी प्रणाली यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न प्रथम विमानविद्येत उद्भवला. विमान कंपन्या निरनिराळ्या कारखानदारांची विमाने घेत, आणि प्रत्येकाचे संगणकावरील प्रशिक्षण निराळ्या यंत्रावर चाले. या त्रासातून मार्ग काढण्यासाठी १९८८ साली विमान-उद्योगाने एक समिती स्थापन केली, जी पुढे २०१४ मध्ये विसर्जित झाली. तिच्या कामाचा आधार घेऊन अमेरिकेच्या संरक्षण विभागाच्या पुढाकाराने 'स्कॉर्म' नावाचा संकेत तयार झाला. २००१ सालची त्याची १.२ ही आवृत्ती आजही कारखान्या-कारखान्यांतून चालू आहे, आणि संगणकाच्या जगात इतके दीर्घायुष्य क्वचितच कोणाला लाभते. या आवृत्तीत पाठाची स्थिती सांगणारे सहा शब्द आहेत: उत्तीर्ण, पूर्ण, अनुत्तीर्ण, अपूर्ण, नुसता चाळलेला आणि न उघडलेला. एका विक्रेत्याकडून घेतलेला पाठ शेवटचे पान उलटताच 'पूर्ण' असे कळवितो. दुसऱ्याचा पाठ परीक्षा झाल्याशिवाय तोंड उघडत नाही आणि मग 'उत्तीर्ण' किंवा 'अनुत्तीर्ण' म्हणतो. आस्थापनेच्या प्रणालीत मात्र रकाना एकच, होय किंवा नाही. सहांपैकी कोणत्या शब्दास 'होय' मानावयाचे, हे कोणी ठरवावे? वास्तविक हा अधिकार सुरक्षा अधिकाऱ्याचा. परंतु त्याला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो, आणि प्रणाली जोडणारा 'पूर्ण' आणि 'उत्तीर्ण' या दोघांनाही सारखेच 'होय' ठरवून पुढे जातो. संकेताच्या २००४ च्या आवृत्तीत पाठ संपणे आणि त्यात यशस्वी होणे या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र रकाने केले गेले, यावरून ही गफलत किती ठिकाणी झाली असेल याचा तर्क श्रोत्यांनी करावा.

याच संकेताची आणखी एक खोड जवळून पाहण्यासारखी आहे. पाठ एका स्वतंत्र खिडकीत उघडतो आणि ज्या खिडकीने त्याला उघडले, तिच्यामार्फत आपली हकीकत नोंदवहीकडे पाठवितो. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाल्याबरोबर कामगाराने ती मागची खिडकी बंद केली, तर पुढच्या खिडकीतला पाठ चालू राहतो, प्रश्न विचारतो, उत्तरे स्वीकारतो, अभिनंदनही करतो. फक्त कोणाला काही कळवीत नाही. दुसऱ्या दिवशी तक्त्यावर तांबडी खूण दिसते, सुपरवायझर कामगारावर रागावतो, आणि तो बिचारा शपथेवर सांगतो की आपण पाठ पुरा केला होता. अशा वेळी कामगाराचेच खरे मानावे, असा माझा कल आहे.

तारखेचा घोळ तर वर्षातून एकदा हमखास होतो. पुष्कळ प्रणाली आपल्या पोटात वेळ ग्रिनिचची ठेवतात आणि दाखविताना तेवढी भारतीय करतात. परंतु एका प्रणालीतून दुसरीत माहिती जाते ती पोटातली. तिसऱ्या पाळीच्या कामगाराने एक एप्रिलच्या पहाटे दोन वाजता पाठ संपविला, तर साडेपाच तासांच्या अंतराने पलीकडे ३१ मार्चच्या रात्रीचे साडेआठ लागतात. म्हणजे तारीखच काय, आर्थिक वर्षही बदलते, आणि नव्या वर्षाचे अनिवार्य प्रशिक्षण केलेला मनुष्य ते न केलेल्यांच्या यादीत जाऊन पडतो. उपाय सोपा आहे. नोंदीबरोबर वेळेचा पट्टाही रवाना करावा, आणि जोडणीची चाचणी भरदुपारी न घेता मध्यरात्रीनंतर घ्यावी, इतकेच.

ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप सर्वांत अधिक आवश्यक आहे ते लोक मात्र या यादीत बहुधा नसतातच. टाकीत उतरून ती साफ करणे, छपरावर चढून फुटके पत्रे बदलणे, उंच परांचीवरून रंग देणे, ही कामे बहुतेक ठिकाणी कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येतात. आणि त्यांची हजेरी असते ठेकेदाराच्या मस्टरवर, कंपनीच्या आस्थापनेत नव्हे. कायम कामगारांची यादी नियमाने रोज रात्री शिक्षणप्रणालीत उतरते, तक्ता हिरवागार दिसतो, आणि ज्याला कोणी एक शब्दही शिकविलेला नाही असा बिहारचा किंवा ओडिशाचा तरुण त्या तक्त्यात कोठेही नसल्यामुळे तांबडा म्हणूनही दिसत नाही. त्याला ई-मेल नाही, लॉगिन नाही. कधी कधी तर ठेकेदाराचा मुकादमच एका संगणकापुढे बसून दहा जणांचे पाठ स्वतः उरकतो, आणि पाठ असतो इंग्रजीत.

म्हणून माझ्या मते शिक्षणप्रणालीची पहिली जोडणी पगाराशीही नको, निरोपांच्या खिडकीशी तर नकोच नको. ती फाटकाशी करावी. गेटपास देणाऱ्या यंत्राने शिक्षणाच्या वहीस एकच प्रश्न विचारावा: या क्रमांकाच्या इसमाचे सुरक्षा-प्रशिक्षण झाले आहे काय, आणि त्याची मुदत कोठवर आहे? उत्तर नकारार्थी आले, तर पास निघू नये. त्या माणसाला तेथेच, फाटकालगतच्या खोलीत, त्याला समजेल अशा मराठीत वा हिंदीत शिकवावे, शिकविणाऱ्याने त्याचे तोंड पाहून सही करावी, आणि मग पास द्यावा. जोडणीची लाइन बंद पडली तर काय, हेही आधी ठरलेले असावे: आदल्या रात्रीची यादी फाटकावर उतरवून ठेवावी, त्या यादीतील माणसास आत सोडावे, नव्यास थांबवावे. उत्पादन खोळंबते अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात येईल. ती ऐकून घ्यावी आणि नियम बदलू नये.

श्रोत्यांपैकी जे कारखान्यात अथवा कचेरीत या कामाशी संबंधित असतील, त्यांना माझी विनंती आहे की, विक्रेत्याच्या करारावर सही करण्यापूर्वी त्यांनी एक साधा कागद घ्यावा आणि नाव, क्रमांक, खाते, पाठाची स्थिती, तारीख, मुदत यांपैकी प्रत्येक गोष्ट प्रथम कोणत्या वहीत लिहिली जाईल आणि तिच्याबद्दल जबाब कोणता अधिकारी देईल, हे त्यावर मांडावे. त्या कागदावर ठेकेदाराच्या माणसांचा रकाना कोरा राहिला असेल, तर सही पुढे ढकलावी.