जुलाबाची गोळी आणि शाळेची पेटी



हीरकमहोत्सवी वर्षाच्या पालकसभेत मुख्याध्यापिकेने निकालाविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. मी आज जुलाबाविषयी बोलणार आहे. मी भाषेची शिक्षिका. औषध सुचविण्याचा मला अधिकार नाही. परंतु परीक्षेच्या दिवशी ‘बाई, पोट बिघडले तर ही गोळी द्या’ असा निरोप दप्तरातून येतो, तेव्हा त्या गोळीविषयी बोलणे मला भाग पडते.

२०२४ चा उन्हाळा आपल्या स्मरणात असेल. बंगळूरच्या कूपनलिका आटल्या, टँकरच्या फेऱ्या वाढल्या. एप्रिलच्या आरंभी बंगळूर मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहातील ४७ विद्यार्थिनी उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात दाखल झाल्या. काहींच्या तपासणीत कॉलऱ्याचे जंतू आढळले. अशा दिवसांत घरोघरी औषधांचा डबा उघडतो आणि मागच्या वेळच्या उरलेल्या दोन गोळ्या बाहेर निघतात.

मुलांचे जुलाब पुष्कळदा विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकाचा काहीही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो आतड्यातील इतर जंतूंवर. दुर्बळ मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात आणि वाढतात. पुढची गोष्ट अधिक चिंतेची आहे. जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की, आतड्यातील साधा ई. कोलाय हा जंतू आपली प्रतिकारशक्ती हगवणीच्या शिगेला जंतूला देऊ शकतो. जनुकांचा एकच तुकडा एकातून दुसऱ्यात जातो आणि त्यावर तीन-चार औषधांवरचा तोडगा असतो. वर्गात एकाची वही सर्वांकडे फिरावी, तसेच हे!

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. १९९२ मध्ये मद्रासला कॉलऱ्याचा ओ१३९ हा नवा प्रकार आढळला आणि काही महिन्यांत तो कोलकाता व बांगलादेशापर्यंत पोहोचला. मद्रासच्या त्या जंतूत एसएक्सटी नावाचा असाच फिरता जनुकसमूह सापडला. को-ट्रायमॉक्साझोल, स्ट्रेप्टोमायसिन यांसारखी औषधे त्यामुळे निष्प्रभ होतात. ओ१३९ पुढे मागे पडला. तो जनुकसमूह मात्र कॉलऱ्याच्या जुन्या प्रकारातही आढळू लागला.

शौचावाटे रक्त पडते, तेव्हा प्रतिजैविकाची खरोखर गरज असू शकते. नेमक्या त्या शिगेलावर नेहमीची औषधे चालेनाशी होत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच त्याला चिंताजनक जंतूंच्या यादीत घातले. आपल्या घरातील अनावश्यक गोळीची किंमत अशी दुसऱ्याच्या मुलाला मोजावी लागते.

जुलाबात जीव जातो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार गेल्यामुळे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. एवढे साधे औषध आपल्याला औषधच वाटत नाही, हे आपले दुर्दैव.

आपल्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीत ओआरएसची पाकिटे आहेत. प्रतिजैविकाची एकही गोळी नाही, आणि पालकांच्या चिठ्ठीवरूनही ती दिली जाणार नाही. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच संपूर्ण घालावे. अंदाजाने चिमूटभर पेल्यात टाकू नये. शौचात रक्त, चढता ताप, खोल गेलेले डोळे किंवा थांबलेली लघवी दिसली, तर मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. त्यांनी प्रतिजैविक दिलेच, तर ते सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे आणि धाकट्या भावंडासाठी जपून ठेवू नये.