द्रवातून द्रवात : पेनिसिलिनची कथा



घरी सालन शिजते तेव्हा मिरचीचा तांबडा रंग वर तरंगणाऱ्या तेलात उतरतो, मीठ मात्र खालच्या पाण्यातच राहते. प्रत्येक पदार्थाला आपापला द्रव मानवतो. मिश्रणातून हवा तो पदार्थ अशा रीतीने दुसऱ्या द्रवात ओढून घेणे, यास शास्त्रात निष्कर्षण म्हणतात. या साध्या रीतीने लाखो प्राण वाचविले आहेत.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीत जंतुनाशक पेनिसिलिन आढळले. परंतु बुरशी वाढविलेल्या लिटरभर पाण्यात ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम, आणि तेही नाजूक. शोध लागला, पण टोचता येईल असे शुद्ध औषध कित्येक वर्षे मिळाले नाही.

१९४० साली ऑक्सफर्डमध्ये नॉर्मन हीटली यांनी ही अडचण सोडविली. पेनिसिलिन हे सौम्य आम्ल आहे. ते पाणी थंडगार ठेवून त्यात आम्ल घातले, की पेनिसिलिन पाणी सोडून ईथरमध्ये जाते आणि पुष्कळशी घाण मागे राहते. मग ईथरमधून ते परत कसे काढावे? हीटलींनी त्यात किंचित अल्कधर्मी पाणी घालून हलविले. पेनिसिलिन पुन्हा पाण्यात आले, अधिक शुद्ध होऊन!

२५ मे १९४० रोजी आठ उंदरांना घातक जंतू टोचले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेनिसिलिन दिलेले चारही जिवंत होते, न दिलेले चारही मेले होते.

१९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळाले. हीटलींचे नाव त्यात नव्हते. ऑक्सफर्डने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९९० साली. पण त्यांच्या कामाविना ते औषध रोग्यापर्यंत पोचते ना.

१९५४ साली आपल्या पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्याकडेही बनू लागले.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी डॉक्टर झाली तरच शिकली, असे मानू नका. औषध लिहून देणाऱ्याइतकीच ते शुद्ध करणाऱ्याचीही समाजाला गरज आहे. आणि विद्यार्थी मित्रहो, प्रयोगाचा तास म्हणजे सुटीचा तास नव्हे. परीक्षानळी हाती घ्या, हलवा, थर पाहा आणि विचारा : कोणता पदार्थ कोठे गेला, व का गेला?