बिघाड असतो जोडात

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, निरोप पोहोचवायला हातभार लावला. अशा वेळी संच बॅटरीवर चालतो, आणि दगा देतो तो बहुधा वीजजोड.

एखाद्या घरातला शंभर वॅटचा संच घ्या. त्याला १३.८ व्होल्ट लागतात. ऐकताना तो एक-दोन अँपिअर ओढतो, बोलताना मात्र वीसच्या आसपास. गंजलेल्या जोडात ०.१ ओहमचा रोध आला, तरी तिथेच दोन व्होल्ट घटतात आणि चाळीस वॅट उष्णता तयार होते. म्हणूनच ऐकू छान येतं, पण बोलायचं बटण दाबलं की संच बंद!

तेव्हा अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे संचाची शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध, लावा आणि मल्टिमीटरने संचाच्या टोकाशी व्होल्ट मोजा, तेही बटण दाबून. आकडा घसरला, तर वीज बंद करून गरम झालेला जोड शोधा. काळी पडलेली तार कापा, नवं टर्मिनल पक्कं दाबून बसवा. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. आणि उडालेल्या फ्यूजच्या जागी साधी तार कधीही घालू नका.