शिक्षा संपली, मताधिकार कुठे आहे?

(संस्थेच्या विद्यार्थी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)





आजचा विषय अमेरिकेतील आहे. तिथल्या कायद्याची चर्चा आपण इथे कशाला करावी, असा प्रश्न एखाद्याच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या इतिहासातच आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले. पुढे १९४६ साली त्यांनी तेथील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंच्या वतीने केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. डु बॉइस यांनीही त्यांना आपुलकीने उत्तर पाठविले. तेव्हा या दोन समाजांचा पत्रव्यवहार जुना आहे. आपण तो फक्त पुढे चालवावयाचा आहे.

आमचा आजचा प्रश्न साधा आहे. माणसाने गुन्हा केला, न्यायालयाने शिक्षा दिली, ती त्याने भोगली. मग तो पुन्हा पूर्ण नागरिक होतो की नाही?

अमेरिकेच्या राज्यघटनेत यादवी युद्धानंतर तीन मोठ्या दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली. परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून घ्यावयाच्या सक्तीच्या श्रमाचा अपवाद त्याच वाक्यात ठेवला. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्यापुढे समानता दिली. पण गुन्ह्यामुळे मताधिकार काढून घेण्याचा उल्लेख तिच्यातही आहे. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. पुढे १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीतील त्या उल्लेखाचा आधार घेऊन, गुन्हेगाराचा मताधिकार शिक्षेनंतरही काढून घेण्याची मुभा राज्यांना आहे, असा निर्णय दिला. दरवाजा मोठा बांधला, पण त्याला एक फट राहिली, आणि पुढचा सारा इतिहास त्या फटीतून आत शिरला.

दक्षिणेतील राज्यांनी त्या फटीचा पुरेपूर उपयोग केला. गुलामगिरी संपताच भटकेपणा आणि किरकोळ चोरी यांसाठी कडक कायदे आले, आणि कालचा गुलाम आजचा कैदी झाला. फ्लोरिडा राज्यात कैद्यांना खाजगी मालकांकडे मजुरीसाठी भाड्याने देण्याची पद्धत होती. ती १९२३ साली पूर्णपणे बंद झाली. याच राज्याच्या १८६८ च्या घटनेत गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्याचा मताधिकार काढून घेणारे कलम होते. मिसिसिपीने १८९० च्या घटनेत दोन डॉलरचा ‘पोल टॅक्स’, म्हणजे मतदार होण्यासाठी भरावयाचा कर, बसविला. कायद्यात काळा हा शब्द कुठेच नव्हता. परंतु ज्याच्या खिशात दोन डॉलर नाहीत तो कोण, हे सर्वांना ठाऊक होते! हा कर राष्ट्रीय निवडणुकांपुरता १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने गेला आणि राज्यांच्या निवडणुकांपुरता १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने घालविला. व्हर्जिनिया राज्याचा तो कर केवळ दीड डॉलर होता. पण माणसाच्या मताला त्याच्या पैशाशी जोडताच येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. प्रश्न तेथे संपावयास हवा होता.

आता अलीकडच्या घटनांकडे वळू. फ्लोरिडात २०१८ पर्यंत गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्या माणसाचा मताधिकार जन्मभरासाठी जात असे. तो परत हवा असेल तर गव्हर्नर आणि त्यांचे मंत्री यांच्या मंडळापुढे अर्ज करावयाचा. २०११ च्या नियमांनुसार अर्ज करण्याआधीच पाच ते सात वर्षे थांबावे लागे. राज्यातील प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी पाचातील एकाहून अधिक जण अशा रीतीने मतदार यादीबाहेर होते, असा २०१६ चा अंदाज आहे.

याविरुद्ध डेसमंड मीड नावाचा एक कृष्णवर्णीय माणूस उभा राहिला. तो स्वतः तुरुंगात राहिलेला, व्यसनात बुडालेला, बेघर झालेला. २००५ साली आत्महत्येच्या विचाराने तो रेल्वे रुळांजवळ उभा होता. तेथून परतला, व्यसनमुक्त झाला, शिकला आणि २०१४ साली कायद्याचा पदवीधर झाला. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून सह्या गोळा केल्या. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येण्यासाठी सुमारे ७ लाख ६६ हजार सह्या लागत होत्या. त्या त्यांनी मिळविल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये ५१ लाखांहून अधिक लोकांनी, म्हणजे सुमारे ६४ टक्क्यांनी, दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. खून आणि लैंगिक गुन्हे वगळता इतरांना, शिक्षेच्या सर्व अटी पूर्ण झाल्यावर, मताधिकार आपोआप परत मिळणार होता. असे लोक अंदाजे १४ लाख होते.

बंधूंनो, ‘शिक्षेच्या सर्व अटी’ हे तीन शब्द लक्षात ठेवा. २०१९ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सांगितले की या अटींत दंड, न्यायालयाची फी, खर्च आणि नुकसानभरपाई हे सर्व येते. शिक्षा सुनावताना लावलेली शेवटची पै फिटल्याशिवाय मत नाही.

या रकमा कशा वाढतात ते पाहा. फ्लोरिडात गरीब आरोपीला सरकारी वकील हवा असेल तर त्या अर्जालाच ५० डॉलर फी आहे. खटल्याचा खर्च वेगळा, दंड वेगळा. रक्कम थकली की ती खाजगी वसुली कंपनीकडे देता येते आणि तिची वसुली फी ४० टक्क्यांपर्यंत असू शकते. विशेष म्हणजे गरिबाला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, हा अमेरिकेतील सुप्रसिद्ध निर्णय याच फ्लोरिडाच्या खटल्यातून आला. क्लॅरेन्स गिडिअन नावाच्या निर्धन कैद्याने तुरुंगातून हाताने लिहिलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाला पाठविला, १९६३ साली तो जिंकला, आणि फेरखटल्यात वकील मिळताच निर्दोष सुटला. ज्या राज्याच्या मातीतून तो हक्क उगवला, त्याच राज्याने त्या हक्काचे बिल गरिबाच्या हाती दिले.

यापुढची गोष्ट आम्हाला, बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला, सर्वात अधिक बोचली. कोणाकडे किती रक्कम बाकी आहे, हे सांगणारी एकच एक नोंदवही त्या राज्यात नव्हती! जिल्ह्याजिल्ह्यांच्या न्यायालयांत वेगवेगळे कागद, काही खूप जुने. खटला न्यायालयात गेला तेव्हा एका प्राध्यापकाच्या तुकडीने १५३ माणसांची प्रकरणे तपासून पाहिली. त्यांपैकी केवळ ३ प्रकरणांत नोंदी एकमेकींशी जुळत होत्या. उरलेल्या १५० प्रकरणांत काही ना काही विसंगती होती. कर्जदाराला ‘बाकी भरा’ म्हणावयाचे आणि ‘किती?’ असे त्याने विचारले तर ‘ते तुम्हीच शोधा’ असे सांगावयाचे, हा व्यवहार जगातील कोणत्याही बँकेत एक दिवसही चालणार नाही. येथे तर माणसाचे नागरिकत्व त्या आकड्यावर अवलंबून होते. आकडा चुकून सही केली तर नवा गुन्हा होण्याची भीती, म्हणून पात्र माणूसही घरी बसला.

मे २०२० मध्ये न्यायाधीश रॉबर्ट हिंकल यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. ज्याला पैसे देणे शक्यच नाही, किंवा किती द्यावयाचे हे ज्याला कळू शकत नाही, त्याचे मत रोखता येणार नाही, असा त्यांच्या निकालाचा सारांश होता. ज्यांच्यावर बाकी आहे असे सुमारे पावणेआठ लाख लोक असावेत, असा अंदाज त्या खटल्यात पुढे आला. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये वरच्या न्यायालयाने ६ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरविला. रक्कम हा शिक्षेचा भाग आहे, तो कर नव्हे, असे बहुमताचे म्हणणे पडले. निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. मायकेल ब्लूमबर्ग यांच्या पुढाकाराने त्या महिन्यात १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक निधी गोळा झाला आणि हजारो लोकांच्या थकबाक्या फेडण्याची सोय झाली. ही मदत मोलाची खरीच. पण ज्या लोकशाहीत गरिबाने मत द्यावे म्हणून श्रीमंताने पैसे भरावे लागतात, त्या लोकशाहीत काहीतरी बिघडले आहे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. ज्याची चोरी झाली त्याची भरपाई नको काय? हवीच. शिक्षा पूर्ण भोगली पाहिजे हे तत्त्व आम्हालाही मान्य आहे. परंतु दोन माणसांनी एकच गुन्हा केला, सारखीच कैद भोगली. एकाने सुटताच धनादेश दिला आणि दुसऱ्या दिवशी मतदार झाला, दुसरा मोलमजुरी करून मरेपर्यंत फेडीत राहिला. दोघांची शिक्षा सारखी राहिली काय? वसुलीचे मार्ग कायद्यात पुष्कळ आहेत. त्यासाठी मतपेटी गहाण ठेवून घेण्याचे कारण नाही.

पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी, बेकायदा मतदान केल्याच्या आरोपावरून वीस जणांना अटक होत असल्याचे जाहीर केले. हे लोक खून किंवा लैंगिक गुन्ह्यांमुळे अपात्र होते हे खरे. परंतु त्यांच्यापैकी अनेकांना सरकारी कार्यालयानेच मतदार कार्ड पाठविले होते. २०२३ साली नवा कायदा झाला आणि मतदार कार्डावरच असे छापण्याचे ठरले की हे कार्ड म्हणजे पात्रतेचा पुरावा नव्हे! दुसरीकडे, मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प यांना ३४ आरोपांवर दोषी ठरविले. ते फ्लोरिडाचे रहिवासी आहेत. परंतु अन्य राज्यात दोषी ठरलेल्याला त्या राज्याचा नियम लागतो, आणि न्यूयॉर्कमध्ये जो तुरुंगात नाही त्याला मत देता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी फ्लोरिडात मतदान केले आणि निवडूनही आले. त्यांना मत देऊ दिले यात आम्हाला काहीच गैर वाटत नाही. न्यूयॉर्कचा तो नियम चांगला आहे. आमचे म्हणणे एवढेच की माजी राष्ट्राध्यक्षाला जो चांगला नियम लाभला, तो फ्लोरिडाच्या न्यायालयात दोषी ठरलेल्या मजुरालाही लाभला पाहिजे. मेन आणि व्हरमाँट या दोन राज्यांत तर तुरुंगातील कैदीही मतदान करतात. तेथे काही आकाश कोसळलेले नाही. तरीही संपूर्ण अमेरिकेत २०२४ साली सुमारे ४० लाख लोक शिक्षेमुळे मताधिकाराबाहेर होते, असा अंदाज आहे.

उपासक-उपासिकांनो, या प्रश्नावर आपल्या धम्मात अंगुलीमालाची कथा आहे. तो भिक्षू झाल्यावर राजा प्रसेनजित शस्त्रधारी स्वारांसह त्याला पकडण्यास निघाला होता. बुद्धांच्या सान्निध्यात बदललेला माणूस पाहून राजाने त्याला वंदन केले आणि चीवर-भोजनाची सोय करण्याची तयारी दाखविली. म्हणजे राज्याने त्याला स्वीकारले. परंतु श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरताना लोकांनी मारलेल्या दगडांनी त्याचे डोके फुटले. राजाला जे उमगले ते समाजाला उमगण्यास वेळ लागला. फ्लोरिडात याच्या उलट घडले. जनतेने कौल देऊन माणसाला जवळ घेतले, आणि दगड राज्याच्या हातात राहिला.

आता आपल्या घराकडे पाहू. मताला मालमत्तेची आणि कराची अट आपल्याकडेही होती. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला, आणि १९२८ साली सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली. घटनेच्या ३२६ व्या कलमाने तो हक्क दिला. त्यासाठी आपल्याला एक पैसाही भरावा लागला नाही. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाचे मत आपला कायदा सहसा अडवीत नाही, हे आपले भूषण आहे. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२ व्या कलमानुसार तुरुंगात असलेला कोणीही मतदान करू शकत नाही; प्रतिबंधक स्थानबद्धतेतील माणसांचा तेवढा अपवाद आहे. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ग्राह्य धरली. तिचा परिणाम असा की दोषी ठरून जामिनावर सुटलेला माणूस मत देतो, आणि ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही, पण जामिनाचे पैसे नाहीत, तो कच्चा कैदी मत देऊ शकत नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार आपल्या तुरुंगांतील सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी होती. कैद्यांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणाहून अधिक आहे. फ्लोरिडात दंडाची बाकी जे काम करते, तेच काम येथे जामिनाची रक्कम करते.

विद्यार्थी मित्रांनो, याकरिता काही गोष्टी तुम्ही करू शकता. १८ वर्षे पूर्ण होताच नमुना ६ भरा आणि आपल्या वस्तीतील प्रत्येकाचे नाव यादीत आहे की नाही हे निवडणुकीच्या आधी पाहा, मतदानाच्या दिवशी नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया आणि कोठडीतील माणसे यांना मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय कोठे आहे हे माहीत करून घ्या. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी मदत देणारी केंद्राची योजना २०२३ पासून आहे. ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचवा. आणि वस्तीतील एखादा मुलगा शिक्षा भोगून परत आला तर त्याला संस्थेच्या वाचनालयाचे दार उघडे ठेवा.

बाबासाहेबांनी ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे सांगितले. फ्लोरिडाचा अनुभव पाहता शिकण्यात नोंदवही वाचावयास शिकणेही येते, कारण घटनेने दिलेला हक्क पुष्कळदा एखाद्या कार्यालयातील कपाटात अडकून पडतो. डेसमंड मीड यांचा नागरी हक्क त्यांना अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये परत मिळाला. लाखो लोकांसाठी घटना बदलून घेणाऱ्या माणसालाही त्यानंतर तीन वर्षे ताटकळावे लागले. पण ते थांबले नाहीत. आपणही थांबू नये, एवढे सांगून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.

नमो बुद्धाय! जयभीम!